दादांच्या पाठीला मलम

इंदिरा नगर, लखनौ
१८ जानेवारी २०२४

चंद्रकांतभावजींना वहिनीचा नमस्कार,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तसंच रद्दीत टाकू नका. तुम्ही आमच्या दोघांचेही नंबर ब्लॉक करून ठेवलेत. तुमची मंजिरी फोन उचलते, पण "बऱ्या आहात ना वहिनी?" एवढं विचारलं की लगेच तिचा कुकर व्हायला येतो. मग मी करायचं काय? स्पीड पोस्टाने भांडायला आलेय असं समजा.

तुमच्या दादांच्या अंगावर गाठी आल्यात. पाठीवर, खांद्यांवर, आणि महिन्याभरात कपाळावर नि कानांच्या पाळ्यांवरही. जांभळट लाल, हाताला टणक. दुखत नाहीत, पण खाज फार. इथल्या एका डॉक्टरांनी बुरशी सांगितली, दुसऱ्यांनी नागीण. सगळी मलमं झाली. शेजारच्या श्रीवास्तवभाभी परवा दारातूनच म्हणाल्या, "भाभीजी, छूने से तो नहीं फैलता ना?" मी नाही म्हटलं, तरी प्रसादाची वाटी त्यांनी कठड्यावर ठेवली आणि गेल्या. या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू केलंच नाही मी. कुणाला बोलवायचं आणि कुणी दारातून परत जाताना बघायचं?

कातडीचे डॉक्टर म्हणून अख्खं मिरज तुम्हाला पाठ दाखवायला येतं. सख्ख्या भावाची पाठ तेवढी बघायची राहिलीय.

आता जे लिहिणार आहे ते बसून वाचा. ह्यांना रक्ताचा कॅन्सर आहे. क्रॉनिक ल्युकेमिया, सावकाश चालणारा. आज कळलेलं नाही हे. आपल्या अंतराच्या लग्नाच्या आठवड्यात रेल्वेची नेहमीची तपासणी झाली, त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या निघाल्या. आमच्या बॅगा भरून तयार होत्या. हे म्हणाले, "लग्नघरात ही बातमी न्यायची नाही. माझं तोंड बघूनच चंद्याला कळेल." म्हणून ऑफिसचं काम निघालं असं सांगितलं. आणि तुम्ही समजलात, जावई केरळचा म्हणून दादा रुसला. एकदा कुरकुरले होते ते, मी नाही म्हणत नाही. पण नंतर तुम्ही फोनवर काय म्हणालात आठवतं? "माझ्या मुलीच्या मांडवात यायची लाज वाटली ना तुला? मग माझ्या दारातही येऊ नकोस." हे मूग गिळून ऐकत राहिले. मी म्हटलं, आता तरी खरं सांगा. तर म्हणे, "आता सांगितलं तर सबब वाटेल." तुम्हा देशमुखांच्या नाकावरच्या रागाला आणि पोटातल्या अबोल्याला औषध नाही, हे मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी कळलं होतं.

मग गाठी आल्यावर रक्ताच्या डॉक्टरांना का दाखवलं नाही, असं विचाराल. तर ऐका. मानक नगरला रेल्वेच्या ऑफिसात ह्यांनी उभी नोकरी रुळांच्या तड्यांवर काढली. रुळात बारीक दोष सापडला की शेजारी लाल रंगाची एक फुली मारायची आणि नजर ठेवायची. मोठा असेल तर तीन फुल्या, म्हणजे रूळ ताबडतोब काढा. गणपतीत एकदा हे आंघोळ करून आले तर खांद्यावर एक गाठ, आणि तिच्या शेजारी लाल बॉलपेनने फुली! मी म्हटलं, "हे काय?" तर गंभीरपणे म्हणाले, "निरीक्षणाखाली आहे." मला हसू आलं हो. पोट धरून हसले मी. आणि तपासणीच्या वेळी शर्ट काढला नाही तो नाहीच. "ते रक्ताचे डॉक्टर, त्यांना कातडीचं कशाला?" आता खांद्यावर फुल्या मारायला जागा उरली नाही.

मी तुम्हाला लिहिलंय हे ह्यांना माहीत नाही. तुम्ही या. इलाज कराल तर उपकार, पण मला खरं हवंय ते एवढंच, की तुम्ही दोघांनी एकमेकांशी बोलावं. न बोलताच काही बरंवाईट झालं तर ते मला सोसायचं नाही.

तुमची वहिनी,
विनीता

इंदिरा नगर
९ फेब्रुवारी २०२४

चंद्रकांतभावजी,

पार्सल मिळालं. मलमाच्या सहा ट्यूब आणि एक चिठ्ठी: "नागीण वाटत नाही. रक्ताच्या डॉक्टरांना संपूर्ण अंग दाखवा. तुकडा काढून तपासायला सांगा. हे तात्पुरतं, खाजेसाठी." बस्स? खाली सही तरी करायचीत. औषधाच्या दुकानातूनसुद्धा याहून मायेचं पार्सल येतं.

पण अक्षर लपलं नाही. ह्यांनी खोका हातात घेतला, पत्ता वाचला. खिडकीपाशी जाऊन चिठ्ठी दोनतीनदा वाचली. मग म्हणाले, "न बघता निदान करतो. एवढा मोठा झाला का?" आवाज चिडका होता, पण चिठ्ठी खिशात गेली.

तुकडा काढायला मात्र तयार नाहीत. आणि मलम लावायचं कुणी? पाठीला ह्यांचा हात पोचत नाही आणि मला हात लावू देत नाहीत. "तू बघू नकोस," एवढंच. काल न्हाणीघरात खुडबुड ऐकून डोकावले, तर लाकडी पट्टीला कापूस बांधून मागे मलम फासायचा उद्योग चालला होता. अर्धं भिंतीला. मला बघून दार लोटलं. मी बाहेर येऊन कांदा चिरायला घेतला, म्हणजे रडायला बरं.

मलम पाठवलंत, आता हातही घेऊन या.

विनीता

इंदिरा नगर
२२ मार्च २०२४

प्रिय चंद्रकांतभावजी,

तुम्ही सुखरूप पोचल्याचा फोन आला. आता नंबर उघडलाय, तरी मी पत्रच लिहिणार. हे घर लहान आहे, मी फोनवर "हॅलो" म्हटलं की आतून "कोण आहे?" येतं.

किती हसू आणि किती रडू तुमच्या इथल्या चार दिवसांवर, मला कळत नाही. तुमचा आवाज ऐकल्याबरोबर हे बेडरूमचं दार लावून बसले. तुम्ही प्रवासाच्या कपड्यांतच दाराबाहेर वेताचा मोढा ओढून बसलात आणि बंद दाराला विचारलंत, "खाज रात्री जास्त असते का?" आतून उत्तर आलं, "हो." "वजन कमी झालंय?" "थोडं." "घाम?" "उशी भिजते." तुमचा चहा निवला. मला वाटलं, आता हे असंच चालणार, एक आत नि एक बाहेर. मग कडी वाजली. "पाठ दाखवतो. तोंड बघायचं नाही." आणि तुम्ही म्हणालात, "बरं."

हे खिडकीकडे तोंड करून स्टुलावर बसले. तुम्ही मागे. तुमचं तोंड मला दिसलं, भावजी. शर्ट काढल्यावर तुम्ही जे थांबलात, ते डॉक्टरांचं थांबणं नव्हतं. मग तुम्ही तळहात एकमेकांवर चोळून ऊन केलेत आणि मलम लावायला लागलात.

तुम्हाला न दिसलेलं तेवढं मी सांगते, कारण मी पुढे उभी होते. ह्यांनी डोळे मिटले होते. पाणी मिशीपर्यंत आलं तरी पुसलं नाही, कारण हात हलला असता तर तुम्हाला कळलं असतं. तुम्ही विचारलंत, "दुखतंय का?" तर म्हणाले, "नाही. गार लागतंय." चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, हेच. दुखतंय का, गार लागतंय. लग्नाचं नाव दोघांनीही काढलं नाही! तुम्हाला सगळं ठाऊक होतं, तुम्हाला ठाऊक आहे हे त्यांनाही कळलं होतं, आणि बोलायचं कशाबद्दल तर मलमाबद्दल. मी दोघांपुढे हात टेकले.

तुमच्यामुळे तुकडा काढायला तयार झाले, हे मात्र कबूल. काल अहवाल आला. रक्तातल्याच त्या पेशी कातडीत उतरून बसल्यात. डॉक्टर समजावून म्हणाले, हा वेगळा आजार नाही, कातडीचा इलाज रक्तातूनच करायचा. गोळ्या चालू केल्यात. कानांवर नि कपाळावर थोडी किरणं देतील. मलम खाजेपुरतं. हे डॉक्टरांना म्हणाले, "म्हणजे दोष वरचा नाहीच, आतला आहे."

आता मला पाठीला हात लावू देतात. पण आधी तळहात चोळून ऊन करायला लावतात, तुमच्यासारखे.

विनीता

इंदिरा नगर
१४ जुलै २०२४

प्रिय भावजी,

आज चांगलं लिहायचंय, म्हणून सकाळीच बसलेय. गाठी बसत चालल्यात! कानाच्या पाळ्या पुन्हा कानासारख्या दिसायला लागल्या. कपाळावर नुसते तपकिरी डाग उरलेत. पाठ खडबडीत आहे, पण टणक काही लागत नाही. गोळ्यांनी अंगावर कुठे धक्का लागला की काळंनिळं होतं, तेवढं सांभाळायचं. डॉक्टर खूश आहेत. माझा जीव भांड्यात पडला म्हणायला हरकत नाही, पण म्हणत नाही, भीती वाटते.

परवा भूतनाथच्या बाजारात चालत गेले. भाजीवाल्याने विचारलं, "बाबूजी, बहुत दिन बाद?" तर म्हणाले, "बाहर गए थे." पेटीभर दशहरी आंबे घेऊन आले आणि वर मलाच ऐकवलं, हापूसचं कौतुक पुरे आता. अद्वैतने बंगळूरहून व्हिडिओ कॉल केला, "पापा, आप तो हीरो लग रहे हो." मी म्हटलं, बापाशी मराठीत बोल. तर म्हणाला, "अच्छा, हिरो दिसता." हे इतके हसले की ठसका लागला.

आता महत्त्वाचं. दोनदा ह्यांनी तुमचा नंबर लावला आणि रिंग व्हायच्या आत बंद केला. मी विचारलं तर म्हणाले, "काय बोलू? मलम संपलं म्हणू?" मग रात्री जेवताना आपणहून म्हणाले, "फोनवर नाही. दिवाळीला मिरजेला जाऊ. अंतरा येईल तेव्हा. समोर बसून सांगेन त्याला, का नाही आलो ते. माझ्या तोंडाने ऐकायचा हक्क आहे त्याचा." तिकिटं काढलीत, भावजी. खालचे दोन बर्थ. तेव्हा तुम्ही तोवर फोनवर तो विषय काढू नका, आणि मी हे कळवलंय ते मंजिरीलाही सांगू नका. त्यांना वाक्य जुळवायला वेळ लागतो. बाल्कनीत झाडांना पाणी घालताना मनाशी पुटपुटत असतात हल्ली. मी आत राहून ऐकते, पण पाण्याच्या आवाजात काही कळत नाही.

मंजिरीला आम्ही येतोय एवढंच सांगा, आणि म्हणावं, चकली माझ्या हातची.

विनीता

इंदिरा नगर
२४ नोव्हेंबर २०२४

भावजी,

पोस्टाची वाट बघायला वेळ नाही, म्हणून या कागदाचा फोटो काढून मोबाइलवर पाठवतेय. फोनवर मी "बरं आहे, बरं आहे" म्हणत राहिले, कारण हे शेजारी होते. बरं नाही.

दिवाळीच्या आधी ताप आला म्हणून तिकिटं रद्द केली, हे तुम्हाला माहीत आहे. तापाबरोबर गाठी परत आल्या हे मी सांगितलं नव्हतं. या वेळी रोज नवीन. छातीवर, गालांवर, नाकावर, आणि पापण्यांत. दुसऱ्यांदा तुकडा काढला. सावकाश चालणारा आजार आता उग्र झालाय, त्याची जातच बदललीय म्हणतात. कातडीत नुसत्या जुन्या पेशी असत्या तर घाबरायचं नव्हतं, पण हे वेगळं. सलाइनमधून जोरकस औषध एकदा दिलं. ते सोसलं नाही, छातीत जंतुसंसर्ग झाला, आयसीयूत होते. हे म्हणाले पुन्हा नको, घरी ने. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन तेच सांगितलं. मी ऐकताना त्यांच्या टेबलावरचं कॅलेंडर बघत राहिले. त्यावर कुठल्याशा किल्ल्याचं चित्र होतं.

घरी आणलंय त्यांना. घरातले आरसे काढून ठेवलेत, त्यांनी सांगितलं म्हणून. चेहरा आता तुम्ही ओळखायचा नाहीत. डोळे सुजून बारीक फटी उरल्यात. काल म्हणाले, "चंद्याला बोलावू नकोस. त्याच्या डोळ्यांसमोर हे तोंड राहायला नको." मी हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात येऊन हे लिहायला घेतलं.

त्यांचं वाक्य त्यांच्या पोटातच आहे अजून. ते माझ्याजवळ बोलायचे नाहीत. या. पाठीकडून, पुढून, कसंही, पण या.

विनीता

इंदिरा नगर
५ जानेवारी २०२५

प्रिय चंद्रकांतभावजी,

घर रिकामं झालं. अद्वैत परवा गेला, चल म्हणत होता, मी पुढच्या महिन्यावर ढकललंय. श्रीवास्तवभाभी रोज येतात, आत येऊन पलंगावर बसतात, आणि माझ्याहून जास्त रडतात. मी त्यांना पाणी देते.

विमानतळावर जाताना टॅक्सीत बसल्यावर तुम्ही काच खाली करून म्हणालात, "वहिनी, दादा माझ्याशी शेवटपर्यंत बोलला नाही." मी "सांभाळून जा" म्हटलं. टॅक्सी वळेपर्यंत घशाशी आलं होतं, पण बाहेर आलं नाही. आता लिहिते. तुमचं आहे ते, मी ठेवून काय करू?

तुम्ही आलात तेव्हा त्यांचे डोळे पुरते मिटले होते. तुम्ही तोंड पाहिलंत, आणि ते तुम्हाला बघू नकोस म्हणायच्या स्थितीत नव्हते. ग्लानी. तुम्ही "दादा, मी चंदू" म्हणायचात, ते "हं" म्हणायचे. तसं ते इंजेक्शन देणाऱ्या नर्सलाही म्हणायचे. तुम्ही त्यांच्या कपाळाला, पापण्यांना बोटाच्या टोकाने मलम लावत होतात. आता त्याचा उपयोग नाही हे तुमच्याहून जास्त कुणाला माहीत होतं? तरी लावत होतात.

त्या शेवटच्या सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात. मी त्यांच्या पाठीला नुकतं मलम लावून, कुशीवरून उताणं करून, ओठांना ओला कापूस लावत होते. एकदम त्यांचा श्वास बदलला. जागे झाले. कितीतरी दिवसांनी स्वच्छ आवाजात म्हणाले, "चंद्या?" आणि हात पुढे केला. हवेत चाचपडत होता तो हात.

मी तुम्हाला हाक मारायला हवी होती. न्हाणीघराचं दार किती लांब आहे आमच्या घरात? पण मला वाटलं, मी उठले आणि तेवढ्यात पुन्हा ग्लानीत गेले तर? तो हात तसाच हवेत राहिला तर? मी बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवल्या, किणकिणू नयेत म्हणून, आणि माझा हात त्यांच्या हातात दिला. मलमाचा वास होता त्याला. त्यांना पटलं.

म्हणाले, "अंतराच्या लग्नाला यायचं होतं रे. कोट शिवला होता. तो पोरगा केरळचा म्हणून नव्हे, आईशपथ. रिपोर्ट आला आणि मी घाबरलो. तुझ्यापुढे उभा राहिलो असतो तर मांडवात रडलो असतो. वडील माणसाने रडायचं का मांडवात?"

हे तुमचं. जसं म्हणाले तसं लिहिलंय, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. जुलैपासून जुळवत होते, एवढंच जुळलं.

मग दम लागला. मला वाटलं संपलं. मी हात दाबला. तर हात ओढून मला जवळ घेतलं, तोंडाशी कान जाईल इतकं, आणि हळू आवाजात म्हणाले, "अजूनही भीती वाटते, चंद्या. फार वाटते. तुझ्या वहिनीला सांगू नकोस. तिला वाटतं मी धीराचा आहे."

भावजी, मला कुठे वाटत होतं? खांद्यावर पेनाने फुली मारणारा माणूस घाबरलेला असतो हे मला कळत नव्हतं का? रोज रात्री हे झोपेचं सोंग घ्यायचे आणि मी शेजारी तेच करायचे. दोघंही एकमेकांना धीर म्हणून गप्प राहिलो, वर्षानुवर्षं. आणि आता ते बोलत होते, माझ्याच कानात बोलत होते, आणि मला "अहो, मी आहे ना" म्हणता येईना. बोलले असते तर आवाजावरून कळलं असतं. ज्या एका माणसाला कळू द्यायचं नव्हतं, तिलाच सांगून बसलो, हे घेऊन गेले असते. म्हणून मी ओठ दाताखाली धरले आणि नुसता हात दाबत राहिले. ते वाट बघत होते, भावजी. चंद्या काहीतरी म्हणेल म्हणून मान माझ्याकडे वळवून वाट बघत होते. मग हळूहळू पकड सैल झाली. तुम्ही टॉवेलने डोकं पुसत बाहेर आलात आणि विचारलंत, "जागा झाला होता का?" मी मानेनेच नाही म्हटलं. दुपारी गेले.

तेव्हापासून भांडी घासताना, दिवा लावताना, सारखं तेच डोक्यात. तुमच्या दादाने त्याची भीती तुम्हाला सांगितली होती आणि त्याला उत्तर मिळालं नाही. तिथे तुम्ही असतात, तर काय म्हणाला असतात? तुम्ही डॉक्टर आहात, मरणाला टेकलेली माणसं तुम्हाला असं सांगत असतील. की भाऊ म्हणून दुसरंच काही म्हणाला असतात?

मला फोन करू नका, फोनवर ऐकवणार नाही. काय म्हणाला असतात ते लिहून पाठवा.

तुमची,
विनीता